ज्वारीवर ताणलेलं इंग्रजी गाणं

माझ्या धाकट्या दिराची इंग्रजी गाण्यांची कॅसेट मी उलगडून ज्वारीवर ताणली होती. पाखरं हाकायला! आणि वर, ती मी सत्कारणी लावली, अशी माझी पक्की समजूत होती.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, आमच्या भीमेकाठच्या मळ्यातली. तेव्हा सगळेच हे करायचे. कॅसेटचा आवाज फाटला की आतली पट्टी ओढून काढायची आणि काठ्यांना बांधून पिकावर ताणायची. वाऱ्यावर ती गुणगुणते, उन्हात चमकते आणि भोरड्यांचे थवे लांबूनच वळतात. नाहीतर गोफण घेऊन दिवसभर पिकातल्या माळ्यावर उभं राहा. मला गोफण कधी जमली नाही. माझा दगड पाखरांपेक्षा सासूबाईंच्या दिशेनंच जास्त जायचा.

त्यात मी घरातली टेपवाली. सातवी पास, सगळी बटणं कळणारी, सैल पट्टी पेन्सिल घालून गुंडाळणारी. धनगरांच्या गजी ढोलाच्या, भजनाच्या, लग्नातल्या कॅसेटी माझ्या ताब्यात. कुठली मेली आणि कुठली अजून जगेल, हे मी डॉक्टरणीच्या तोऱ्यात सांगायचे आणि लोक ऐकायचे, म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

दीर दौंडला कॉलेजात होता. तिथं खोली करून राहायचा, शनिवारी एसटीनं घरी यायचा. रेल्वे कॉलनीतल्या एका मित्राकडून त्याला या गाण्यांचा नाद लागला, आणि ही कॅसेट तर त्यानं मुद्दाम पुण्याला जाऊन आणलेली. कव्हरवर पडका पेट्रोल पंप आणि पंपावर बसलेलं घुबड. ओट्यावर टेप लावून तो डोळे मिटायचा आणि मान झटकायचा. सासूबाई विचारायच्या, "अंगात आलंय का रं तुझ्या?"

एकदा तो नसताना मी ती लावली. त्यातलं तिसरं गाणं मला गुपचूप आवडायचं. सुरुवातीला गिटार एकटीच चालते, दबक्या पावलानं. नेहमी मी तेवढंच ऐकून कामाला पळायचे. त्या दिवशी निवांत बसले, तर पुढं एकदम खर्रर्र! मी स्पिरिटच्या बोळ्यानं टेपचं हेड पुसलं. पुन्हा खर्रर्र. बिचाऱ्यानं ऐकून ऐकून झिजवली, म्हटलं. निदान झालं: कॅसेट गेली. ज्वारी हुरड्यात आलेली, भोरड्या उतरायला लागलेल्या. मी पट्टी ओढायला बसले.

शनिवारी दीर आला तो बांधावरूनच ओरडला, "वहिनी, झकास काम केलंत! एक पाखरू न्हाई!" पट्टीचं एक टोक सुटलं होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं काठीला बांधलं. मग घरात गेला. बाहेर आला तेव्हा हातात नुसतं घुबड.

"वहिनी, ही पट्टी कुठली?"

"भावजी, ती फाटली व्हती. नुसती खरखरत व्हती."

"खरखरत न्हवती. गाणंच तसं हाय."

"गाणं कुठं तसं असतंय व्हय? दुकानात जाऊन फाटकं कोण आणंल?"

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आन् गाठ तर तूच मारलीस की रं!"

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं घरी कॅसेटी आणणंच बंद केलं. दौंडलाच नोकरी लागली, लग्न झालं. सणाला यायचा, हसायचा, ताटावर बसून माझी थट्टा करायचा, पण गाणी दौंडला ठेवून यायचा. ओटा गप्प झाला. मला चुटपुट लागायची, पण चूक कबूल करायची तर 'फाटली व्हती' हे सोडावं लागणार होतं, आणि तेवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. दरवर्षी हुरड्याच्या आगटीभोवती कुणीतरी तो विषय काढायचं आणि मी तोंडातले दाणे न गिळताच म्हणायचे, "फाटली व्हती."

मग दोन हजार साल उलटल्यावर माझ्या मुलानं शिरूरहून सीडी प्लेअर आणला. त्या वर्षी दीर हुरड्याला आला आणि पिशवीतून त्यानं एक सीडी काढली. तोच पंप, तेच घुबड!

"वहिनी, गाणी तीच. मूळ रेकॉर्डिंग काढून कंपनीनं नव्यानं साफ केल्यात. रीमास्टर म्हनत्यात. ऐका, आन् आता तुम्हीच सांगा."

मी मनात म्हटलं, साफ केलीय म्हणजे खरखर गेली, म्हणजे मी जिंकले. पदर खोचून बसले.

तिसरं गाणं लागलं. आवाज इतका स्वच्छ, की गाण्याआधी कुणीतरी खुर्ची सरकवली ती ऐकू आली. गाणाऱ्यानं श्वास घेतला तोही, जणू माझ्या मागं चुलीपाशीच बसलाय. गिटार एकटी चालू लागली. आणि मग खर्रर्र! पहिल्यापेक्षा खणखणीत, अंगावर काटा आणणारं. त्या लोकांनी सगळं धुतलं-पुसलं होतं आणि फाटकं तेवढं जपून ठेवलं होतं.

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. सासूबाईंना तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं, पण त्यांनाही निकाल कळला असावा. मला हसू आलं ते ठसका लागेपर्यंत.

"भावजी," मी म्हटलं, "कॅसेट चांगली व्हती. माझे कानच सातवी पास."

त्यानं तिसरं गाणं पुन्हा लावलं, आणि कितीतरी वर्षांनी आमच्या ओट्यावर डोळे मिटून मान झटकली. केस विरळ झाले होते, पण झटका तोच.

निघायच्या वेळी मी सीडी डबीत घालून दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली, एकदा दारातून ज्वारीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या भजनाच्या कॅसेटींशेजारी फळीवर ती उभी करून ठेवली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हितंच. पण वहिनी, ज्वारी हुरड्यात हाय आन् ही लई चमकती, तेवढं ध्यानात ठिवा."