चुकलेला महिना

आमच्या वन्सं वकील आहेत. डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या निष्काळजीपणाने ज्यांचं नुकसान झालं, त्यांचे दावे त्या लढवतात. शेजारच्या काकू म्हणतात, "हिला ताप आला तर औषध कोण देणार, आणि हिच्यावर खटला झाला तर उभं कोण राहणार?" वन्सं म्हणतात, "म्हणूनच मी आजारी पडत नाही आणि भांडतही नाही." यातलं दुसरं खोटं आहे. आमटीत मीठ कमी पडलं की त्या माझी उलटतपासणी घेतात.

त्यांची एक रीत आहे. दावा लिहून झाला की दुपारी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसतात आणि मला वाचून दाखवतात. "वहिनी, तू जिथे 'म्हणजे?' म्हणशील, तिथे न्यायाधीशही म्हणतील." मी भाजी निवडता निवडता म्हणजे-म्हणजे करते, त्या पेन्सिलीने टिंब देतात. तारखा मात्र मी वाचायच्या आणि त्यांनी यादीत उतरवायच्या. दवाखान्याच्या कागदांवरचं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, आणि चष्मा बदलायचा म्हटलं की त्यांना राग येतो.

गेल्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. मनगटाच्या ऑपरेशनमध्ये नस दुखावली होती, उजवा अंगठा बधिर; डॉक्टरांनी नर्सकडे बोट दाखवलं होतं. बोटांत सुई आहे की नाही तेही कळेना. त्यांनी सगळे कागद एका वयस्कर वकिलांकडे दिले होते. ते "चालू आहे, चालू आहे" म्हणत राहिले. दावा लावलाच नव्हता, आणि मुदत निघून गेली. आता दावा त्या वकिलांवर होता.

"यात दोनदा जिंकावं लागतं," वन्सं मला म्हणाल्या. "डॉक्टर चुकले हे आधी सिद्ध करायचं. तरच वकिलांनी बाईंचं काही घालवलं म्हणता येतं."

बाई चहाच्या कपाशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "घरचे म्हणतात, तूच नीट पाठपुरावा केला नाहीस. कुणीतरी एकदा सांगावं हो, की माझ्यामुळे नाही झालं."

सुनावणीला मी गेले. मागच्या बाकावर बसले, पदराआड जपमाळ. वयस्कर वकिलांच्या बाजूने उभ्या असलेल्या वकिलांनी आमची यादी उचलली. "अंगठा बधिर झाल्याची तक्रार एक मार्चची. ऑपरेशन बारा मार्चचं. म्हणजे डॉक्टरांनी हात लावायच्या आधीच अंगठा गेला होता. मग माझ्या अशिलांनी घालवलं काय?"

बाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या, जणू तोच खोटं बोलला होता.

पदराआड माझी माळ थांबली. ती दुपार आठवली. ओठांवर नामस्मरण चालू होतं, तशीच मी तारखा वाचत होते आणि 'बारा' म्हणून महिना वाचताना नजर एक ओळ खाली, मार्चवर घसरली होती. वन्संचं सगळं लक्ष वयस्कर वकिलांनी चुकवलेल्या मुदतीवर. ऑपरेशनची तारीख त्यांनी पुन्हा पाहिलीच नव्हती.

वन्सं उभ्या राहिल्या. "ऑपरेशन बारा फेब्रुवारीचं. मूळ कागद सोबत जोडलाय. यादीतली चूक माझी. ती बाईंची धरू नये."

न्यायाधीशांनी मूळ कागद पाहिला, दुरुस्तीला परवानगी दिली.

मग ते वयस्कर वकील साक्षीला आले. लेखी उत्तरात त्यांनी म्हटलं होतं की कारकुनाने मुदतीची आठवण केली नाही. वन्संनी विचारलं, "दावा वेळेत लावायची जबाबदारी कोणाची होती?"

त्यांनी बाकावरच्या कारकुनाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या आमच्या यादीकडे. "माझी," ते म्हणाले. "बाई दर महिन्याला यायच्या. त्यांच्याकडून काही राहिलं नाही."

बाईंनी बधिर अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरला.

घरी येऊन देवापुढे दिवा लावला, पण हात जोडवेनात. आधी वन्संकडे गेले. "तो महिना मी चुकीचा वाचला होता. तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"तपासायचं काम माझं होतं, वहिनी. डॉक्टरांनी नर्सवर ढकललं, वकिलांनी कारकुनावर. मी काय घरातल्या वहिनीवर ढकलू?" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि ढकललं असतं तर उद्या चहा कोणी दिला असता?"

दीड महिन्याने निकाल बाईंच्या बाजूने लागला. वन्संनी चष्मा बदलला. मी आता तारखा ओळीखाली बोट ठेवून दोनदा वाचते, आणि तेवढा वेळ माळ डब्यात ठेवते. देवाचं काही म्हणणं नसावं.