तोंड फिरवून बोलणं

आमच्या प्रयोगशाळेत उघड्या नळीवर कुणी बोलत नाही. आत आरएनए असतो, पेशीतले निरोप नेणारा रेणू, आणि थुंकीचा न दिसणारा शिंतोडाही त्याचा फडशा पाडतो. बोलायचंच झालं तर आम्ही आधी तोंड फिरवतो. पेशींवर मी काही सेकंद अतिनील किरण सोडते. त्यांचा डीएनए दुखावतो, आणि जखमेपाशी आरएनएवर एक बारीकशी रासायनिक खूण उमटते. त्या खुणेवरून दुरुस्ती करणारी प्रथिनं तिथे पोचतात. थोड्याच वेळात खूण पुसलीही जाते. ती हुकू नये म्हणून माझे दिवसच्या दिवस न बोलता जातात.

मध्यंतरी आई चार दिवस राहायला आली होती. खाली बसून जेवताना ती म्हणाली, "अगं, माझ्याशी बोलताना भिंतीकडे काय बघतेस?" मी हसले. सवय लागलीय, म्हटलं, तेही भिंतीलाच.

एवढ्याशा पेशीला दुखलं तर तिला खूण करता येते. मला या शहरात इतक्या वर्षांत ते जमलं नाही, की खूण बघायला कुणी समोरच नव्हतं, कोण जाणे.

"एकटं वाटतं का गं तुला?" आईने विचारलं.

"छे! कामात कळतसुद्धा नाही," मी तोंड फिरवून म्हणाले.

आईने आपलं ताट उचललं आणि मी जिकडे तोंड फिरवलं होतं तिकडे, भिंतीला टेकून, माझ्यासमोर येऊन बसली.