सुदामच्या पिठातलं अंडं

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. आणि मिरजगावात राहून एखादी गोष्ट बायकोपासून लपली, म्हणजे बघा मी ती किती जपली असेल. माझे बाकीचे पराक्रम मी स्वतःच चौकात सांगत फिरतो. सासऱ्यांची स्कूटर त्यांच्याच ओसरीत कशी घातली, घोडेगावच्या बाजारातून गाभण म्हणून भाकड म्हैस कशी आणली. लोक हसतात, मीही हसतो. हे मात्र तसलं नाही.

आधी आमटीचं सांगतो. टाळत नाहीये — पण सगळं तिथूनच सुरू होतं.

धाकट्या बहिणीच्या लग्नात शिपी आमटी मी अंगावर घेतली. आमच्याकडे ही आमटी म्हणजे पंगतीचा जीव. डाळींची, झणझणीत, भाकरी कुस्करून ओरपायची. आचारी नको म्हणत होता. त्याला मी बाजूला सारलं. मग नवरदेवाची वरात बघायला गेलो, आणि पातेलं खालून लागलं. पंगत बसली. माझा शाळेपासूनचा दोस्त सुदाम पहिला घास घेऊन ताटावरून उठला आणि मांडवभर ओरडला, "आरं, ही आमटी घोडेगावच्या बाजारात न्या! न्हाई, नको — म्हशी बी तोंड लावनार न्हाईत!"

मांडव हसला. व्याही हसले. नवरी झालेली माझी बहीणसुद्धा पदरात तोंड लपवून हसली. त्या दिवसापासून मी करप्या. पुढे माझ्या पोरीला शाळेत कुणीतरी विचारलं, तू करप्याची का? तेव्हा कळलं, हे नाव माझ्या मागेही उरणार. मी हसायचो — सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आत मात्र एकच चालू असायचं: सुद्या, तुझं बी पातेलं लागंल कधीतरी.

सुदाम जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला, तिथून इटलीत राहिला, आणि परत येऊन भिंगारमध्ये त्यानं छोटं इटालियन हॉटेल काढलं. मोजकी टेबलं, खिडकीत तुळशीची चुलतबहीण वाटावी अशी रोपं, दारावर पाटी — शुद्ध शाकाहारी. मी नगर-भिंगारमध्ये घरोघरी पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. एका दुपारी काम उरकून त्याच्याकडे शिरलो. कशाला? नावं ठेवायला! मांडवभर ऐकू जाईल असं वाक्यसुद्धा मनात घोळवून गेलो होतो.

त्यानं मला मिठी मारली. "रमेश!" म्हणाला. करप्या नाही — रमेश. हात धरून थेट भटारखान्यात नेलं. रवा, पाणी, मीठ. माझ्यासमोर पीठ मळलं, अंगठ्यानं दाबून एकेक तुकडा वळला. आमच्या बायका लग्नाला नखुले करतात ना, तसेच. पण रंग काळपट. मी विचारलं, हे काय?

तो म्हणाला, "तिकडं खाली दक्षिणेत शेतं जाळल्यावर गरीब मानसं जळका गहू येचायची. त्याचंच पीठ. आता लई मानाचं समजत्यात. हितं मी गहू करपवून दळतो." मग माझ्याकडे न बघता, "पयल्यांदा खाल्लं तवा तुझी आमटी आठवली गड्या. करपल्यालाबी चव आसती. मला तवा अक्कल न्हवती."

माफीच ती. दुसरं काय?

आणि ते जेवण! लसणाचा वास, मेथीची कोवळी पानं, वर किसलेलं चीज, आणि सगळ्याखाली ती करपट, खमंग, धुरकट चव. मी बशी बोटानं निपटली. आयुष्यात इतकं सुंदर मी काही खाल्लेलं नाही. एवढ्यावर सगळं फिटायला नको होतं का? पण मला काय वाटलं सांगू? — माझ्या करपण्याची मांडवात नाचक्की, आणि ह्याच्या करपण्याला मान? माफी मागितली ती भटारखान्यात, कोपऱ्यात. थट्टा मात्र मांडवात केली होती.

त्याच आठवड्यात भिंगारमध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी फिल्टर उघडून बसलो होतो. घर कडक शाकाहारी. कांदासुद्धा वार बघून चिरणारं. वहिनींनी सहज विचारलं, त्या नव्या हॉटेलात गेला होतात का? मी पाना फिरवत म्हणालो, "मी काही म्हणत नाही वहिनी. पण आत डोकावलो होतो… परदेशात पीठ अंड्यातच मळतात म्हणे."

"अगंबाई! आम्ही गुरुवारीच गेलो होतो की!"

मी फिल्टरचं झाकण बसवलं. आणखी सांगायची गरजच नव्हती.

महिनाभरात तीच बातमी दुसऱ्या एका स्वयंपाकघरात मलाच ऐकायला मिळाली. अंड्याचा आता कोंबडीचा रस्सा झाला होता. मजा आली का? आली. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी चवीनं जेवलो.

सुदामचा फोन आला. "रमेश, लोक आत येऊन बघायलाबी तयार न्हाईत रं. तू बघितलंस ना डोळ्यानं? तू घरोघर जातूस, तुझं ऐकत्यात. तेवढं सांग."

"सांगतो की," म्हणालो. मी सांगितलं नाही. एकाही घरी नाही. फिल्टर तेच, वहिनी त्याच, तोंड माझंच — उघडलं नाही.

हॉटेल बंद पडलं. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. सुदाम मिरजगावजवळ हायवेवरच्या एका ढाब्यात दुसऱ्याच्या हाताखाली शेवभाजी करतो.

यंदा पोरीचा साखरपुडा झाला. आमटी पुन्हा मीच केली. या वेळी पातेल्यापासून हललो नाही. सुदाम पंगतीला होता. पहिला घास घेतला आणि तसाच ताटावरून उठला. मी आमटीची बादली खाली ठेवली.

"आरं, ऐका!" तो मांडवभर ओरडला. "आजपास्नं ह्याला कुनी करप्या म्हनायचं न्हाई. आमटी एक नंबर! आन माझ्या वाईट दिसात घरोघर जाऊन माझ्या बाजूनं बोलनारा ह्यो एकटा मानूस हाय."

मांडवात टाळ्या पडल्या. तो खाली बसला. मी पळी बुडवली, त्याच्या ताटात आमटी वाढली, तो नको नको म्हणेपर्यंत वाढली, आणि पुढच्या ताटाकडे सरकलो.

आता गावात मला सगळे रमेशराव म्हणतात. मी ओ देतो.