अंतर लिहा

माझा गोळा पडला आणि कुणी मोजलाच नाही.

नगरचं मैदान. दिव्यांगांची जिल्ह्याची स्पर्धा. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही, म्हणून मी बसून गोळा फेकते. बसून फेकणाऱ्याला जमिनीला घट्ट बांधलेली लोखंडी खुर्ची लागते. मला मांडवातली प्लास्टिकची खुर्ची दिली. ती हलू नये म्हणून दोन शिपाई मागून धरून उभे. त्यातला एक मोबाईलवर बोलत होता. मी हात मागं नेला, जोर लावला, आणि त्यानं नेमकी तेव्हाच खुर्ची सोडली. गोळा पुढं गेला. मी कडेला पडले. तोंडात आखणीचा चुना.

माईकवाला म्हणाला, "काय जिद्द आहे बघा. टाळ्या झाल्या पाहिजेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेकल्याच्या नव्हे, पडल्याच्या.

मी उठून बसले. गोळ्यानं मातीत पाडलेला खड्डा दिसत होता. पंचांना विचारलं, "सर, टेप?"

"टेप कशाला गं? सगळ्यांनाच मेडल हाय."

खरंच सगळ्यांना होतं. जे फेकायला आलेच नव्हते त्यांनाही. पाहुण्यांनी गळ्यात मेडल घातलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तेवीस वर्षांची बाई. फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसले. ते हसणं आजही मला टोचतं.

पण मला तशी सवयच होती. माझे आईबाप पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. नऊ वर्षांची होते तेव्हा श्रीगोंद्याच्या बाजूला एका फडात उसाची ट्रॉली मागं घेताना पायावरून गेली. पुढं मावशीनं मला राहुरीला आणलं. ती रोपवाटिकेत रोजंदारीवर जायची. तिथल्या शाळेत पीटीचा तास झाला की सर म्हणायचे, "तू वर्गात बस. दप्तरं राख." सात वर्षं मी दप्तरं राखली. खिडकीतून खो-खो बघितला. नियम मला सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होते. कुणी विचारले नाहीत.

कॉलेजात गेल्यावर मोबाईलवर बसून गोळा फेकणाऱ्या बाया बघितल्या. व्हिडिओ मावशीच्या नवऱ्याला दाखवला. त्यांना मी काका म्हणते. त्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी तो चारपाच वेळा बघितला आणि म्हणाले, "ही खुर्ची मी करतो. फेकायचं तुझं तू बघ." आठ दिवसांत खुर्ची तयार. जमिनीत खुंट्या ठोकून बांधायची, कमरेला पट्टा. मुळा धरणाच्या रस्त्याला एक पडीक रान आहे. तिथं मी रोज फेकायला लागले. काका टेप धरायचे. वहीत आकडे लिहायचे.

म्हणजे घरी माझा गोळा मोजला जात होता. सरकारच्या मैदानावर नव्हता.

मेडलसोबत नगरला एक प्रमाणपत्र मिळालं होतं, ते घेऊन मी राज्याच्या निवडीला पुण्याला गेले. टेबलामागच्या मॅडमनी कागद उलटसुलट करून बघितला.

"अंतर किती?"

"मोजलं न्हाई, मॅडम."

"मग हे कसलं प्रमाणपत्र?"

"मेडल मिळालं ना."

त्या वाईट बोलल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "ताई, यावर फक्त 'सहभाग' लिहिलंय. अंतर लिहून आणा."

माझ्यामागं सांगलीची एक पोरगी होती. तिच्या कागदावर अंतर होतं. मी रानात रोज फेकते त्यापेक्षा कमी. ती आत गेली. मी बाहेर आले.

एसटीत बसल्यावर मोबाईलवर दिव्यांगांचा कायदा उघडला. खेळावर एक अख्खं कलम आहे. बरोबरीनं खेळायचा हक्क, सोयी, त्यासाठीची व्यवस्था, सगळं करणं सरकारचं काम. मी ते राहुरी येईपर्यंत वाचत होते. उपकार हा शब्द कुठं सापडतो का ते बघितलं. नाही सापडला. मग मी मान खाली घालून मेडल का घेतलं? कुणाचे उपकार मानत होते मी?

दुसऱ्या वर्षी स्पर्धेच्या आधीच अर्ज दिला. लोखंडी खुर्ची ठेवा, टेप ठेवा, अंतर लिहा. पोच घेतली. उत्तर आलं नाही. स्पर्धेच्या दिवशी काकांच्या टेम्पोतून आमचीच खुर्ची नेली, खुंट्या ठोकल्या, पट्टा आवळला. फेकला. चांगला गेला, हाताला कळतं. पंचांनी वहीत माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली.

"टेप, सर."

"तुझं यंदा बी तेच का? चल, उठ. पुढचा कार्यक्रम घ्यायचाय."

पुढचा कार्यक्रम संगीत खुर्ची. कुबड्या घेतलेल्यांची संगीत खुर्ची. कोण धडपडतंय ते बघायला पाहुणे पुढं सरकून बसले होते.

मी म्हणलं, "मोजल्याशिवाय मी पट्टा सोडणार न्हाई."

माईक बंद झाला. स्पर्धा भरवणाऱ्या खात्याचे मोठे साहेब आले. घाम पुसत म्हणाले, "तुमच्यासाठी मांडव घातला, जेवण ठेवलं, मेडलं आणली. अजून काय पाहिजे?"

"अंतर पायजे."

"पाहुणे खोळंबलेत."

"मग लवकर मोजा."

"तुझ्यामुळं बाकीच्यांचं नुकसान होतंय, कळतंय का तुला?"

तेव्हा सुनंदाताई उठली. काष्टी गावची. उंची साडेतीन फूट, भाला फेकते. दरवर्षी पाहुणे आले की तिला स्टेजवर नाचायला लावायचे. लोक व्हिडिओ काढायचे. ती येऊन माझ्या खुर्चीशेजारी मातीत बसली.

"साहेब, माझा भाला बी मोजा. आन आज मी नाचणार न्हाई."

मग एकेक जण आला. कुबड्या आडव्या टाकून बसले. पारनेरचे एक मास्तर, त्यांना दिसत नाही, ते शंभर मीटर धावतात. ते लोकांच्या आवाजाच्या अंदाजानं आले आणि विचारलं, "बसायचं कुठं?" आम्ही अकरा झालो.

टेप मैदानातच होती. आखणी करणाऱ्याच्या पिशवीत, मांडवाच्या खांबाला टांगलेली. गेल्या वर्षीही तिथंच असणार. फक्त काढायची होती.

शेवटी पंचांनी ती काढून मोजलं. सहा मीटर ब्याऐंशी.

मी पंचांना म्हणलं, "माईकवर सांगा." त्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेब दुसरीकडं बघत होते. मग मीच ओरडून सांगितलं. सुनंदाताईचा भालाही मोजला. तिचं अंतर तिनं स्वतः सांगितलं, दोनदा.

संध्याकाळी प्रमाणपत्र हातात आलं. 'सहभाग.' कारकून म्हणाला, "छापील नमुन्यात अंतराचा रकानाच न्हाई. मी काय करू?" साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझं नाव यादीत कसं येतं बघतो."

त्या वर्षीही मला पुण्याच्या निवडीत उतरता आलं नाही. सगळं नीट झालं असं सांगायला मी हे लिहीत नाही.

आता आम्ही अकरा जणांनी सह्या करून लेखी दिलंय. मास्तरांचा अंगठा धरायला कारकून पुढं आला, तर मास्तर म्हणाले, "मला सही येते. कागद कुठंय तेवढं दाखवा." मागण्या एवढ्याच. अंतराचा रकाना छापा. शिकलेले पंच आणा. खुर्च्या जमिनीला बांधा. पळणाऱ्याला पळू द्या, फेकणाऱ्याला फेकू द्या. संगीत खुर्ची बंद.

परवा साहेबांचा निरोप आला, "समजुतीनं घ्या."

समजुतीनं सात वर्षं वर्गात बसले. समजुतीनं फोटोत हसले. आता नियमानं घेणार. यादीतून आमची नावं काढा, आम्ही मैदानाच्या फाटकात असू, अकराचे अकरा. यंदाची स्पर्धा नियमानं होईल. नाहीतर आम्ही ती होऊ देणार नाही.