मेंबर पाणी पितात

मी आयुष्यात एकच निवडणूक जिंकलो, आणि तीही एसटीच्या जिवावर. तीस वर्षं कंडक्टरकी केली. रिटायर झाल्यावरही घरात बायकोला 'पुढं सरका' म्हणायची सवय जाईना, म्हणून तिनंच मला नगरपंचायतीला उभं केलं, असं मी सांगतो. ती सांगते, की मी गळ्यात हार घालूनच घरी आलो आणि मग तिला कळलं. दोन्हीतलं खरं कुठलं, ते सोडा.

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरचं. नाव लिहीत नाही; ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. हायवे गावाबाहेरून जातो. इस्लामपूरची गाडी फाट्यावर सोडून जायची आणि आमच्या पेठेतल्या बायका, म्हातारी माणसं पिशव्या सांभाळत उन्हातून चालत यायची. मी प्रचारात एकच वाक्य बोललो: एसटी पेठेत आणतो, उतरलं की दार. मला भाषण येत नाही, थांबे तेवढे सांगता येतात. लोकांनी निवडून दिलं आणि त्या दिवसापासून माझं नाव गेलं. मी नुसता 'मेंबर' झालो.

डेपोतले साहेब रस्ता बघायला आले. म्हणाले, रस्ता खचलाय, गाडीचं वजन पेलणार नाही. काँक्रीट करा, मग बघू. त्या काँक्रीटसाठी मी वर्षभर ज्याच्या-त्याच्या टेबलापुढं उभा राहिलो. शेवटी मंजुरी आली, ठेकेदार आला, मिक्सर पेठेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग वॉलमन आला.

वॉलमन म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो फिरतो, रस्त्यातली झाकणं उघडतो, खालचे वॉल फिरवतो आणि एकेका आळीचे नळ सुरू होतात. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्यामुळं मला 'मेंबर' तो फक्त राग आल्यावर म्हणतो.

"मेंबर," तो म्हणाला, "पेठंत चार झाकणं हायत. रस्ता वर उचलणार, तर चेंबर बी वर घ्याला पायजेत. इटांचं काम हाय. आठ दिस द्या."

"आठ दिवस ह्यो मिक्सर काय तुझ्या दारात बांधू का रं?"

"बांधा. पर झाकणं गाडू नका. खालची पाइप लय जुनी हाय. उद्या काय झालं तर मी हात कुठं घालू?"

"चारी वॉल उघडे ठेव आणि येऊ दे वरनं काँक्रीट. पाणी सगळ्यांना मिळतंय न्हवं? मग? नंतर फोडून काढू की."

'नंतर फोडून काढू' हे मी इतक्या सहज बोललो, की माझं मलाच ते नियोजन वाटलं. ठेकेदारानं लगेच मान डोलावली. वॉलमन चावी खांद्यावर टाकून निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "मला ईचारून केलं, असं कुणाला सांगू नका म्हंजे झालं."

रस्ता झाला आणि एसटी आली. पहिल्या दिवशी मी गाडीत चढून स्वतः डबल बेल दिली. खऱ्या कंडक्टरनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मला खाली उतरावं लागलं. थांबा पिठाच्या गिरणीसमोर होता. गिरणी चालवणारी बाई आमच्या ओळीतली सगळ्यात कडक. नवरा तिला घाबरतो, मुलगा घाबरतो, गिऱ्हाईकही घाबरतं. तिची सून तेव्हा पाचव्या महिन्यात होती. दुपारच्या गाडीला ती दारात येऊन उभी राहायची, माहेरचं कुणी उतरतंय का बघायला. बाई आतून ओरडायची, "ऊन लागंल की गं." बाईचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

महिनाभर मी सुखात होतो. नळाला सकाळी पहिली दोन मिनिटं पाणी गढूळ यायचं आणि मग नितळ व्हायचं. बायकोनं एकदा हंडा दाखवला होता. मी म्हणालो, नवीन रस्त्याची माती असेल.

पहिल्यांदा शिंपी आजारी पडला. मग त्याच्या शेजारच्या दोघी बहिणी. डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टरीण नुकतीच रुजू झाली होती. ती नर्सबाईंना घेऊन पेठेत आली. नर्सबाई काचेच्या नळीत घराघरातलं पाणी घ्यायच्या आणि औषधाचा थेंब टाकायच्या. पाण्यात क्लोरीन असलं तर ते पिवळं होतं. टाकीजवळच्या घरांत झालं. गिरणीच्या पुढच्या एकाही घरात झालं नाही.

"काका," डॉक्टरीण मला म्हणाली, "टाकीतलं पाणी चांगलंय. ते तुमच्या रस्त्याखाली कुठंतरी बिघडतंय. पेठेत सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा, आणि पाइप शोधा."

पाइप शोधायची म्हणजे वॉलमनला विचारायचं. तो गटाराच्या कडेला उकिडवा बसला होता.

"पाणी चालू असतंय तवर पाइप भरलेली," तो म्हणाला. "बंद झालं की ती मोकळी हुती. मग कुठं फट असंल तिथनं भाईरचं वढून घेती. भाईर काय हाय, बगा तुमीच." बाहेर गटार होतं. "पर कुठं, त्ये मला सांगता येत न्हाई. वॉल हाताला लागलं असतं, तर येक येक तुकडा बंद करून हुडकलं असतं. आता पुरा रस्ता फोडाया लागंल."

मी रस्त्याकडं बघितलं. काय सुंदर रस्ता होता. पंधरा दिवसांनी त्याचं लोकार्पण होतं, मोठे साहेब येणार होते, कमानीचं माप घेऊन झालं होतं. रस्ता फोडला तर एसटी फाट्यावर परत जाणार, आणि एकदा गेलेली गाडी डेपो पुन्हा देत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"लोकार्पण होऊ दे," मी म्हणालो.

वॉलमननं हात झटकले आणि तो उठून गेला. त्यानं बोलायला हवं होतं, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होतो.

पेठेत मात्र बोलणं वाढलं. बायका चुलीवर, गॅसवर पातेली चढवून वैतागल्या होत्या. थांब्यावर कुणीतरी म्हणालं, मेंबरनं रस्त्याखाली रोग पुरला. ते मला लागलं. आणि मला लागलं की मी काहीतरी करून दाखवतो. हा दोष घरात सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला थांब्यावर गर्दी असताना मी समोरच्या सार्वजनिक नळाला तांब्या लावला. "बघा," म्हणालो, "ह्यो नळ, ह्यो तांब्या आणि ह्यो मी." आणि घटाघटा रिकामा केला. लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या, चार-पाच जणांनी मोबाइलवर घेतलं. गिरणीच्या दारात बाई आणि तिची सून उभ्या होत्या. सूनही हसत होती. मी तिच्याकडं बघून तांब्या उलटा करून दाखवला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पेठेत सगळ्यांच्या मोबाइलवर होता. मी आयुष्यात कधी इतका देखणा दिसलो नव्हतो.

डॉक्टरीणबाईंनी तो दुसऱ्या दिवशी बघितला. मला बोलावून घेतलं, पण रागावल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं.

"काका, ही कावीळ आज पाणी पिलं म्हणून उद्या दिसत नाही. महिना लागतो, कधी दीड महिना. तुम्ही लोकांना काय दाखवलंत?"

"मला काही झालं नाही, हे दाखवलं."

"ते कळायला अजून महिना आहे." मग त्या म्हणाल्या, "गरोदर बाईला ही झाली ना, तर ती आमच्याही हातात राहत नाही. तेवढ्या घरांत तरी स्वतः जाऊन सांगा."

मी गेलो नाही. जाणार होतो. पण काल थांब्यावर तांब्या रिकामा केलेला माणूस आज दारोदार जाऊन 'उकळून प्या' म्हणणार, म्हणजे लोक काय म्हणतील, हे मी मोजत बसलो. चार दिवस मोजलं आणि मग लोकार्पणाची धांदल सुरू झाली.

लोकार्पण झोकात झालं. स्टेजवर प्रत्येक खुर्चीपुढं सीलबंद पाण्याची बाटली होती. नळाचं पाणी कुणालाच दिलं नव्हतं, मलाही नाही. ते माझ्या लक्षात आलं, आणि मी माझी बाटली उघडून प्यालो.

त्यानंतर माझा आरसा सुरू झाला. सकाळी उठलं की खालची पापणी ओढून डोळे बघायचे. बायको म्हणायची, "सुरमा घालताय काय या वयात?" मला भूक लागली की बरं वाटायचं, लागली नाही की जीव खालीवर व्हायचा. रस्त्यानं जाताना लोक नमस्कार करायच्या आधी माझ्या डोळ्यांत बघायचे. आणि माझे डोळे पांढरे होते. दिवसेंदिवस पांढरेच. मला काहीच झालं नाही. डॉक्टरीणबाई पुढं म्हणाल्या, लहानपणी कधी होऊन गेली असेल, तर पुन्हा होत नाही. ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पेठेत एवढंच माहीत होतं, की मेंबर पाणी पितात आणि मेंबरला काही होत नाही. मी रोज ते डोळे घेऊन पेठेतून चक्कर मारत होतो, एखाद्या औषधाच्या जाहिरातीसारखा.

महिना उलटला आणि रोगी वाढले. आरोग्य केंद्रात जागा पुरेना, दोघांना साताऱ्याला हलवलं. मी भेटायला म्हणून केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाई आत पेशंट बघत होत्या, टेबलावर नोंदवही उघडी होती. मी कंडक्टर, कागद दिसला की रकाने वाचतो. नाव, वय, घर. शेवटचा रकाना होता: पाणी उकळता का. नर्सबाईंचं अक्षर गोल आणि स्वच्छ होतं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'उकळत होते, मेंबर प्यायले म्हणून बंद केलं.' खालच्या ओळीत तेच. त्याच्या खाली, 'वरीलप्रमाणे'. पुन्हा 'वरीलप्रमाणे'. पान भरलं होतं. अगदी शेवटच्या ओळीची शाई ताजी होती: गिरणीची सून, सातवा महिना, वरीलप्रमाणे.

मी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ब्रेकर मशीन बोलावलं आणि वॉलमनच्या दारात गेलो.

"परवानगी?" त्यानं विचारलं.

"तू चावी घे."

पेठ दारादारांत उभी राहून बघत होती. मशीन काँक्रीटवर बसलं की घरांची भांडी वाजत होती. वॉलमननं अंदाजानं जागा दाखवल्या. दोन चुकल्या, तिसरीला झाकण लागलं. तिथून तुकड्या-तुकड्यानं शोधत तो दुपारी थांब्याच्या खुणेपाशी आला. तिथं पाइप आडवी तडकली होती, बोट जाईल एवढी, आणि शेजारून गटाराचं काळं पाणी तिच्या अंगावरून वाहत होतं. जिथं गाडी रोज येऊन ब्रेक मारायची, बरोबर त्या जागेखाली.

मी खड्ड्यात बघत राहिलो. वॉलमन आत गुडघाभर चिखलात होता. तो मला म्हणाला, "गिरनी बंद हाय आज. पोरीला सांगलीला न्हेलंय सकाळी. बोलंना म्हणं ती, वळखंना कुणाला."

पेठेत गाडी येणार नव्हती. मी फाट्यापर्यंत चालत गेलो आणि सांगलीची गाडी धरली.

मोठ्या दवाखान्यात, आयसीयूच्या दाराबाहेर गिरणीवाली बाई बाकावर एकटी बसली होती. मुलगा रक्त आणायला गेला होता. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. कंडक्टरला त्यांची सवय असते, त्यातून सुटकाही होते. बाई जरा सरकली आणि तिनं मला जागा दिली.

"काय म्हणत्यात डॉक्टर?"

"आत न्हेऊन बाळ काढाया लागंल म्हणत्यात. दोगं न्हाई वाचायची, म्हणत्यात."

मग मी विचारलं, काही खाल्लं का.

"सकाळधरनं पान्याचा घोट न्हाई." तिनं कोपऱ्याकडं मान केली. तिथं एक नळ होता, लोक रांगेनं पाणी पीत होते. "आवं मेंबर, त्ये पिऊ का मी?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, मला टोमणा हवा होता.

"थांबा," मी म्हणालो आणि जिना उतरून खाली गेलो. दवाखान्यासमोरच्या दुकानातून सीलबंद बाटली घेतली. वर आलो, तेव्हा दार उघडून बंद झालं होतं आणि बाई भिंतीला टेकून उभी होती. बाळ गेलं होतं. मुलगी होती. सून अजून होती. तीन दिवस गेले तर बघू, असं सांगितलं होतं.

मी बाटली पुढं केली. बाईनं ती घेतली, सील फोडलं, झाकण काढलं आणि बाटली तोंडापाशी नेली. मग न पिता तशीच हातात धरून माझ्याकडं बघत राहिली, मी मान हलवीन म्हणून.