परकराच्या नाडीखालची खूण

नर्स होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं, असा माझा तोरा होता. डोक्यावर टोपी, नाक वर! त्या तोऱ्यात एक गाढवपणा केला. माळशिरसकडच्या शेवंताबाईंच्या आतड्याचं ऑपरेशन होतं. शौचासाठी पोटावर नवी वाट, म्हणजे स्टोमा, कुठे काढायचा याची खूण मी त्यांना झोपवूनच केली. बसवलं नाही, उभं केलं नाही, परकर कुठे बांधता हेही विचारलं नाही.

ऑपरेशननंतर बाई उभ्या राहिल्या. "सिस्टर, हितं तर नाडी येतीया की वो!" माझा अंगठा धरून त्यांनी नाडीच्या खाली दाबला. "हितं पायजे हुतं." ऊस तोडून चिरा पडलेली ती बोटं... नाडीमुळे स्टोमावर लावलेली पिशवी कायम गळायची. बाई घराबाहेर पडेनाशा झाल्या. पुढे त्यातच वारल्या.

भुताखेतांचं म्हणाल तर मी शवागाराशेजारी बसून डबा खाल्लेली बाई. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची आयुष्यभर टिंगलच केली.

रिटायर झाल्यावर सोलापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी खोटी पेशंट झाले. हसू नका! लॅबमधल्या रबरी पोटावर मुली पिशवी लावायला शिकतात, पण त्या पोटाला ना वळ्या, ना परकर. म्हणून खूण करायला माझं पोट. माल भरपूर आहे.

त्या दुपारी भवानी पेठेतल्या अंबिकाची पाळी होती. खूण डाव्या बाजूला करायची होती. मला गुदगुल्या होतात, म्हणून डोळे घट्ट मिटून बसले.

"आज्जी, हसू नका की, माझे मार्क जातील!"

पेन टेकलं. काहीतरी गार फिरलं. आणि मग... नाडीखाली एक अंगठा रुतला. खरखरीत.

"अगं, हाताला काही लावत जा!" म्हणत मी डोळे उघडले. अंबिका समोर उभी राहून ग्लोव्ह्ज काढत होती.

घरी आंघोळीला बसले तर खूण उजवीकडे! पोरीला डावं-उजवं कळत नाही, म्हणून एकटीच हसले. साबण लावला, खोबरेल चोळलं. जाईना. दाबलं की आत खोलवर दुखायचं. मग हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्याच आतड्याला पीळ पडला. तातडीचं ऑपरेशन. मरणाची भीती नव्हती — भीती एवढीच, की घाईत स्टोमा कुठेही काढतील आणि माझी शेवंताबाई होईल.

शुद्धीवर आले तेव्हा सर्जन म्हणाले, "स्टोमा उजवीकडे काढावा लागला. तुमची खूण होती म्हणून बरं झालं. कुणी केली? जागा अगदी बरोबर आहे."

आज मी परकर बांधते, बाजारात जाते. नाडी लागत नाही, पिशवी गळत नाही. पण पिशवी बदलताना तिथे नुसती नजर गेली तरी त्या अंगठ्याचा दाब जाणवतो. का, ते मला अजून सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारायची हिंमत नाही.

मी हॉस्पिटलात असतानाच अंबिका भेटायला आली होती, तेव्हा मी म्हटलं, "शाबास गं! तू बाजू चुकलीस म्हणून आज्जी सुटली."

ती हसली नाही. पांघरूण जरा बाजूला करून तिने पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"आज्जी, मी डावीकडंच केली होती की... आणि तुमी डोळे उघडायच्या आधीच स्पिरिटनं पुसून पण टाकली होती."