रात्री बसायचं, सकाळी उतरायचं

माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. गाडीच्या वेळा मला कुणी शिकवायच्या नाहीत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या गावी सून होऊन आले, तरी कुणाला लांब जायचं असलं की विचारणा माझ्याकडंच.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला मी अमेरिकेला निघाले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. तिला येणं जमेना, म्हणून माहेरच डिंकाचे लाडू बांधून निघालं. तिकीट मीच वाचलं. मुंबईहून रात्री दीडला सुटणार, सकाळी सातला पोचणार.

"लई लांब आसंल, न्हाई?" जाऊबाईंनी विचारलं.

"कुठलं लांब! रात्री बसायचं, सकाळी उतरायचं. सोलापूरच्या पुढं जावं तसं."

गावभर मी हेच सांगत सुटले.

विमानात चढायच्या रांगेत उभी होते, तोच लेकीचा फोन आला. "आई, कळा सुरू झाल्यात. तारखेच्या आधीच. मला भीती वाटतीय."

"घाबरायचं न्हाई. साडेपाच तास. सकाळी मी तुझ्याजवळ."

"साडेपाच तास?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "व्हय. ये लवकर."

विमानात एक झोप काढली, उठून चपाती-चटणी खाल्ली आणि चपला घालून, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसले. बाहेर अंधार तो अंधारच. शेजारच्या मुलीला विचारलं, आता उतरायचंच ना, तर ती हसली. "मावशी, अजून दहा तास आहेत. पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते."

आपली रात्र तेव्हा लेकीचा दिवस, हे रोज फोनवर बोलून मला पाठ होतं. पण एकाच तिकिटावर दोन गावांची दोन घड्याळं? आमच्या रेल्वेनं असला चावटपणा कधी केला नाही. आधी विमान कंपनीचा राग आला. मग ध्यानात आलं. तिकडं लेक माझी वाट बघत असणार, आणि मी साडेपाच तासांत येणारच नव्हते. खिडकीकडं तोंड करून मी रडले.

दवाखान्यात पोचले तेव्हा ती अजून कळा सोसत होती, घामानं चिंब. मी बोलायला लागले, "अगं, त्या तिकिटानं..."

तिनं माझा हात घट्ट धरला. "मला ठाऊक होतं, आई. एवढ्या वेळा येऊन गेलीय मी."

"मग तवाच बोलली का न्हाईस?"

"साडेपाच तास म्हणालीस ना, बरं वाटलं. ते संपले की परत पहिल्यापासून मोजायचे."

दुपारच्या आत नात झाली. अगदी आजीवर गेलीय, असं मी लगेच जाहीर करून टाकलं.

गावी परतले, तर पलीकडच्या आळीतल्या एक बाई मुद्दाम भेटायला आल्या. त्यांची धाकटी लग्न होऊन तिकडंच निघाली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी हळूच विचारलं, "लई लांब हाय का वो?"

मी छातीठोकपणे सांगितलं, "कुठलं लांब! रात्री बसायचं, सकाळी उतरायचं."